आतून निळी गाडी

पहिली गोष्ट ही सांगते, की गाडी माझी आहे. आरसीच्या पुस्तकावर नाव मालकांचं, पण चाक माझ्या हातात. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडं बाया नवऱ्याला मालक म्हणतात अन् वागतात आपल्या मनासारखं. मालकांनी जन्मभर बैल हाकले, ट्रॅक्टर हाकला, पण मोटारीत बसले की त्यांचे पाय भलतीकडंच जातात. क्लच दाबायचा तर ब्रेक दाबतात, ब्रेक दाबायचा तर "हो हो हो" म्हणतात. त्यात पुढं खुब्याचं ऑपरेशन झालं अन् तो विषयच मिटला.

गाडी मी शिकले पंचावन्नाव्या वर्षी, तूर काढून मोकळ्या झालेल्या रानात. गाडी जुनीच घेतलेली. ती विकणाऱ्या माणसानं गिअर कुठं कुठं पडतात तेवढं दाखवलं अन् पैसे मोजून तो निघून गेला. मग मी रोज सकाळी दूध घालून झालं की रानात जायची अन् गोल गोल फिरायची. मालक बांधावर बसून बघायचे. गाडी बंद पडली की मोठ्यानं विचारायचे, "पाणी पाजू का तिला?" महिनाभरात गाडी आली, वर्षभरात लायसन आलं. एक खोड मात्र गेली नाही. मी गाडी हलवली की तिला तीन हिसके बसतात. दोन नाही, चार नाही, तीन. शेजारीण म्हणते, ताईची गाडी निघायच्या आधी तीनदा नमस्कार करते.

आता एवढी हौस या वयात कशाला, असं पुष्कळ जण विचारायचे. हौस नव्हतीच ती. माझी थोरली बहीण धारूरला असते. आम्ही पाच भावंडं, त्यातल्या आता दोघीच उरलो. आक्काचे गुडघे गेलेत, ती घराच्या ओट्याखाली उतरत नाही. मी दर पंधरा दिवसांनी तिच्याकडं जाते. जाऊन काही मोठं करत नाही. तिच्या डोक्याला तेल लावते, ती मला माझ्या लग्नातल्या चुका सांगते, आम्ही हसतो. तिच्याशी तिच्या लहानपणाचं बोलायला दुसरं माणूसच नाही आता. आमचं गाव नांदूरघाटाजवळ. तिथून एसटीनं जायचं तर आधी केज, तिथं ताटकळायचं, मग धारूरची गाडी. आता तर मालकांना खुब्यामुळं एसटीची पायरी चढवत नाही अन् त्यांना दिवसभर घरी एकटं सोडवत नाही. गाडीत मात्र शेजारी बसवलं की झालं. म्हणून माझ्यापुरतं असं होतं, की गाडी बंद म्हणजे आक्का बंद.

आणि मागच्या चैत्रात गाडीला पंधरा वर्षं भरली.

पंधरा वर्षं झाली की गाडी पुन्हा पासिंगला न्यावी लागते. आरटीओचे साहेब बघतात, पसंत पडली तर पुढची वर्षं मिळतात, नाही तर भंगारात. ब्रेक, दिवे, टायर हे सगळं मेकॅनिकनं करून दिलं. पण जाता जाता म्हणाला, "काकू, मशीन चांगलं हाय, पर अंग बघा की तिचं. असं नेलं तर साहेब लांबूनच हात हालवतील."

अंगाचं त्याचं खरं होतं. गाडी पांढरी, पण आमच्या उन्हानं टप अन् बॉनेट पार पोळलेलं. रंगाचे पापुद्रे निघालेले, उन्हाळ्यात नाकाचं कातडं सुटतं तसे. दारांच्या खालच्या कडेला गंज. एका दाराला तर एवढं भोक की त्यातून आमच्या मांजरीनं पंजा घालून बघितला होता.

पासिंगची तारीख बीडला तीन आठवड्यांनी होती. पुण्याच्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "आई, आता त्या डब्यावर काहून खर्च करती? दे भंगारात. मी येतो तवा नेतो की तुला मावशीकडं."

"तू कधी येतो?"

"दिवाळीला."

"मग आक्काला सांगते, दिवाळीपर्यंत दम धर म्हणून."

चांगला आहे पोरगा, पण त्याला पंधरा दिवस अन् सहा महिने यातला फरक कळत नाही. शेवटी म्हणाला, मग निदान चांगल्या पेंटरकडून करून घे, दादाच्या हातात देऊ नको. दादा म्हणजे त्याचे वडील. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळं दादानं ऐकलं.

बस. तिथून सगळं सुरू झालं.

मालक उठून उभे राहिले, काठी न घेता. म्हणाले, "पेंटर काय करतो? फवारतोच ना? आन् या गावात फवारणी कुणाची बघायला लोक यायचे?"

हे मात्र मान्य करायला पाहिजे. कपाशीवर औषध फवारण्यात मालकांचा हात कुणी धरलेला नाही. पाठीवर पंप घेतला की ते चालत नाहीत, तरंगतात. एका पानावर जास्त नाही, एका पानावर कमी नाही, पानाच्या खालच्या बाजूलासुद्धा बरोबर. खुब्यानंतर ते सुटलं होतं. पंप गोठ्यात खुंटीला लटकत होता अन् मालक ओट्यावर. मला दिसत होतं सगळं. म्हणून मी मोडता घातला नाही, नुसती अट घातली, "आधी दुसऱ्या कशावर तरी मारून बघा. मांजरसुंब्याला हायवेवर एक पेंटर हाय म्हणतात, ट्रका रंगवतो, त्यालाबी विचारून बघू. मग ठरवू."

"ठरवू," मालक म्हणाले. त्यांचं ठरवू म्हणजे ठरलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी तुळशीला पाणी घालून चहा ठेवते तोवर त्यांनी केजवरून मागवलेला पांढऱ्या रंगाचा डबा अन् थिनर पंपात ओतलासुद्धा. तोंडाला फडकं बांधलं, डोक्याला टॉवेल, पंप पाठीवर. कुठं तरी मारून बघायची अट चहाबरोबर उकळून गेली. मी चौकटीत आले तेव्हा ते गाडीसमोर उभे राहून वाऱ्याचा अंदाज घेत होते, चिमटीतून माती सोडून. कपाशीला घेतात तसा.

पहिले दोन हात खरंच देखणे गेले. मी मनात म्हटलं, चला, जमलं. तिसऱ्या हाताला पंप शिंकला. थिनरनं आतले रबरी वायसर फुगवून टाकले होते, हे आम्हाला नंतर कळलं. नळीतून बारीक फवारा यायचा तो थेंब थेंब थुंकायला लागला. मालकांनी दांडा जोरात हापसला. मग झाकणातून गळायला लागलं, त्यांच्या पाठीवरून खाली धोतरापर्यंत. अन् वारा फिरला.

वारा फिरला तो शेजारणीच्या अंगणाकडं. ती माझ्या माहेरच्या गावची, म्हणून मला ताई म्हणते अन् मालकांना दाजी. तिनं त्याच सकाळी बाजेवर कुरडया घातल्या होत्या. पांढऱ्या कुरडयांवर पांढरा रंग. दिसत काहीच नव्हतं, नुसता वास. ती एक कुरडई चिमटीत धरून कुंपणाशी आली.

"दाजी, माझ्या कुरडयांचंबी पासिंग हाय का?"

मालकांनी नळी पाठीमागं लपवली. तोंडाला फडकं होतं, ते बरं झालं.

"आन् पाठ कशी केलीय बघा! ताई, गाडी ऱ्हाऊ दे, आधी नवऱ्याला धुवून वाळत घाल."

बॉनेटकडं बघितलं तर सगळीकडं थेंबच थेंब, काही फुगलेले, काही ओघळलेले. माझ्या तुळशीची अर्धी पानं पांढरी. मला राग यायला पाहिजे होता, आलाही होता तुळशीपायी, पण मालक पंपाचा पट्टा खांद्यावरून काढताना अशा चेहऱ्यानं उभे होते, की मी तोंडात पदर घालून आत गेले अन् चुलीजवळ बसून पोट दुखेपर्यंत हसले. हसून झाल्यावर मात्र भीती वाटली. तारखेला अठरा दिवस राहिले होते अन् गाडी आधी होती त्यापेक्षा वाईट दिसत होती.

शेजारणीला तिच्या कुरडया पुन्हा करून द्यायच्या ठरल्या. तिचा उरलेला चीक मी शिजवला, सोऱ्या मालकांनी फिरवला. तेवढंच काम त्या दिवशी त्यांच्या हातून सरळ झालं.

दुपार टळल्यावर मी गाडी काढली अन् मांजरसुंब्याला गेले. मालक शेजारी बसले, रंगाचे हात मांडीवर ठेवून. वाटेत एक गंमत सांगते. आमची गाडी पांढरी, अन् आमच्या जिल्ह्यात पांढरी गाडी म्हणजे पुढारी. मोठा असो, छोटा असो, भावी असो, गाडी पांढरी पाहिजे. त्यामुळं मी ढाब्यावर गाडी उभी केली की बाकावरची माणसं उठून उभी राहायची, एखादा हातपण जोडायचा. मग दार उघडून मी उतरायची, नऊवारी सावरत. लोक बसायचे. त्या दिवशी मात्र कुणी उठलं नाही. बॉनेट बघून माणसं आपसात बघायला लागली.

पेंटरचं शेड हायवेच्या कडेला, वर पत्रे, भोवती ट्रकांची फाळकी, मागची झाकणं, उभी करून ठेवलेली. पेंटर पन्नाशीचा, लुंगी बनियनवर, कानाला रंगाचा ठिपका. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यानं बॉनेटवर बोट ठेवलं.

"मावशी, देवी कवा आल्या हिला?"

मालक हायवेकडं बघायला लागले.

"आज सकाळी," मी म्हटलं. "कपाशीच्या पंपानं."

तो हसला नाही. उलट त्याचे डोळे मोठे झाले. "पंपानं? पाठीवरच्या? मारला कुणी?" मी मालकांकडं बोट केलं. तो वाकून बॉनेटची एक कड बघायला लागला, जिथं पहिले दोन हात गेले होते तिथली. मग म्हणाला, "काका, हे दोन हात कसे काय मारले तुमी?"

मालकांनी हवेत हात फिरवून दाखवला. मनगट न वाकवता, कोपरापासून.

"हात एक नंबर हाय," पेंटर म्हणाला. "पंप चुकला."

अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात मी मालकांची पुष्कळ स्तुती केली आहे. पण त्या दिवशी हायवेवरच्या त्या अनोळखी माणसाच्या चार शब्दांनी जे झालं, ते माझ्या कशानंच झालं नव्हतं. ते काठी टेकून सरळ उभे राहिले.

मग पेंटरनं काम सांगितलं. आणि इथं माझी फजिती झाली. तो दाराखालचा गंज बघत म्हणाला, "मावशी, हिला लांबी लई लागंल."

मी म्हटलं, "लांबी कशाला? आमी दोघंच बसतो. हाय तेवढी लांब बास झाली."

शेडमधली दोन माणसं खाली बसली हसून. लांबी म्हणजे रंगाच्या आधी खड्डे बुजवायला भरतात तो लगदा. मला काय माहीत! मला वाटलं, गाडी तोडून मधे तुकडा घालतात. टेम्पोला करतात तसं. मालक तर इतके हसले की सकाळची परतफेड करून घेतली. पुढं कितीतरी दिवस मी काही मागितलं की म्हणायचे, लांबी लई लागंल.

पेंटरची अडचण अशी होती, की त्याच्याकडं लग्नसराईच्या जीपा होत्या अन् दोन ट्रक. म्हणाला, "रंग म्हंजे शेवटचा एक तास असतो मावशी. त्याच्या आधी सगळी घासणी. आठ दिवस घासायला माणूस न्हाई माज्याकडं. तुमची तारीख निघून जाईल."

"घासायचं काय असतं त्यात?"

त्यानं काळा पाणीपेपर बादलीत बुडवला अन् दारावर गोल गोल फिरवून दाखवला. पाणी मारायचं, घासायचं, हात फिरवून बघायचं, पुन्हा पाणी. मी त्याच्या हाताकडं बघत होते. हे तर आमचंच काम होतं. तांब्याचे हंडे चिंचेनं अन् राखेनं घासून ज्यांची मनगटं झिजली त्या बायांना हे काय सांगायचं? मी म्हटलं, "घासून आणली तर रंग मारशील?"

"नीट घासली तर मारीन. हाताला कुठं लागायला न्हाई पायजे."

तिथंच ठरलं. घासणी घरची, लांबी अन् रंग त्याचा. पोरगा म्हणाला होता पेंटरकडून, मालक म्हणाले होते घरी, दोघांचंही म्हणणं राखलं गेलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात गाडी लिंबाखाली उभी अन् आम्ही तिघी. मी, शेजारीण अन् शेजारणीची सून. मालक खुर्ची टाकून बादलीत पाणी बदलून द्यायचे अन् देखरेख करायचे. सकाळी तीन तास, उन्हं उतरल्यावर दोन. पहिल्या दिवशी देवीचे फोड काढले. दुसऱ्या दिवशी टपाला हात घातला. गाडीवर हात फिरवून डोळे मिटून बघायचं, ही गोष्ट मला फार आवडली. डोळ्याला जे गुळगुळीत दिसतं ते हाताला लागतं. भाकरीचं पीठ मळताना एक बारीक खडा असला तरी तळहाताला कळतो, अगदी तसं.

तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "काकी, हितं निळं लागलंय."

मी बघितलं. पांढऱ्याखालून निळा ठिपका. आणखी घासलं, ठिपका पुरीएवढा झाला. शेजारीण दुसऱ्या दारावर होती, तिथंही निळं. टपावर निळं. आम्ही घासत गेलो अन् गाडीतून निळी गाडी निघत गेली.

आता खरं सांगते, आतून ती निळी आहे हे आम्ही अकरा वर्षं बघत होतो. बॉनेट उघडलं की आत निळं. डिकीतली सतरंजी उचलली की खाली निळं. पण आमचा समज असा, की कंपनी देतेच तशी. लोखंडी पेटीला नाही का बाहेरून एक रंग असतो अन् आतून दुसरा? माझ्या लग्नातली पेटी बाहेरून हिरवी, आतून गुलाबी. मला वाटायचं, गाडीलाही आतून हौसेनं निळा दिला असेल.

मी मांजरसुंब्याला फोन लावला. पेंटर म्हणाला, "काय? सगळीकडं निळं? मावशी, घासणं थांबवा. आधी पुस्तक बघा. कलर काय लिवलाय ते बघा."

मालकांनी पुस्तक आणलं. ते आमच्याकडं कपाटात, देवाच्या जुन्या फोटोमागं, प्लास्टिकच्या पिशवीत असतं. त्यातलं नाव अन् नंबर आम्ही वाचलेला, बाकीचं कोण वाचतो? मालकांनी चष्मा नाकावर सरकवला, बोट खाली खाली नेलं अन् थांबले.

"काय लिवलंय?" मी विचारलं.

"निळी," ते म्हणाले. "ही बया कागदावर निळीच हाय."

बादलीतलं पाणी सुद्धा निळसर झालेलं.

मग गाडी विकणारा तो माणूस मला आठवला. त्याच्या गावच्या निवडणुकीला तो उभा राहिला होता. पडला, म्हणून गाडी विकायला काढली होती. निवडणुकीला निळ्या गाडीत फिरून कसं चालेल? त्यानं ती पांढरी करून घेतली असणार अन् पुस्तकात बदल करायचा राहूनच गेला. पासिंगचा फॉर्म भरून देणाऱ्या एजंटानं पुस्तक बघितलं, गाडी बघितली नाही. मेकॅनिकनं गाडी बघितली, पुस्तक बघितलं नाही. अन् आम्ही अकरा वर्षं दोन्ही बघून काहीच बघितलं नाही.

फोनवर पेंटर सांगत होता, पांढरी करून नेली असती अन् साहेबांनी पुस्तकाशी ताडून बघितलं असतं तर गाडी अडकली असती, मग कागद बदला, पुन्हा तारीख घ्या, कोण जाणे किती महिने. माझ्या हातातला पाणीपेपर तसाच राहिला. मालकांचा पंप त्या दिवशी नीट चालला असता, तर आम्ही चकचकीत पांढरी गाडी घेऊन बीडला गेलो असतो अन् तोंड पाडून आलो असतो.

मालकांच्या हे माझ्या आधी लक्षात आलं. खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "म्हून तर मी पंप बिघडवला."

"हो का!" शेजारीण म्हणाली. "आन् माझ्या कुरडया?"

"त्यांचं पुस्तक मी बघितलं नव्हतं."

पुढचे आठ दिवस आम्ही गाडी अशी घासली, की पेंटरनं तिच्यावर हात फिरवला अन् शेडमधल्या दोघांना हाक मारून बोलावलं. "हात लावून बघा बे. याला घासणी म्हंत्यात." शेजारीण सोबत आली होती. एवढी खूश झाली की कुरडयांचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. निदान त्या आठवड्यात नाही.

गाडी निळीच करायची, पण निळा कुठला, हा प्रश्न होता. पेंटरनं पेट्रोलच्या झाकणाच्या आत, जिथं कधी ऊन लागलेलं नाही, तिथला मूळ रंग धरून मिसळण केली. एक थेंब काळा, एक थेंब पांढरा, पुन्हा बघायचं. मी म्हटलं, जरा गडद वाटतोय. तो म्हणाला, वाळला की उतरतो. मी लहानपणी वडलांची धोतरं निळीच्या पाण्यातून काढायची तेव्हा आईही असंच म्हणायची. मी मग त्यात बोलले नाही.

रंग मारायचा तो सकाळी सूर्य वर यायच्या आत, वारा पडलेला असताना. आम्ही उजाडताना शेडवर पोचलो. पेंटरनं खाली जमिनीवर पाणी शिंपडलं, धूळ बसावी म्हणून. मालक हळूच म्हणाले, "आमीबी याच वेळेला फवारायचो. दव वाळलं की."

"मग काका, नळी धरा माज्यामागं. गाडीला लागू देऊ नका."

दोघं एका चालीनं गाडीभोवती फिरले. पेंटर पुढं, फवाऱ्याची बंदूक हातात. मालक मागं, नळी उचलून धरून, खुब्याचा पाय जरा ओढत. बोलणं सगळं फवाऱ्याचं. किती अंतरावरून, हात कुठं सोडायचा, कडेला आल्यावर घोडा कधी सोडायचा. मी बाकावर बसून चहा प्यायले. शेवटी डिकीच्या दाराची आतली बाजू राहिली. पेंटरनं बंदूक मालकांच्या हातात दिली.

"एवढी तुमी मारा."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं, त्यांना अवघडायला नको म्हणून. कंप्रेसरचा आवाज झाला, थांबला. पेंटरनं पसंतीची मान हलवली. ती डिकीची आतली बाजू मी अजून कुणालाही, अगदी माझ्या पोरालाही, उघडून दाखवते.

तारखेच्या आदल्या दिवशी गाडी घरी आली. निळी, इतकी निळी की कोंबड्या तिच्यात आपलं तोंड बघून टोचायला लागल्या. मी त्यांना दिवसभर हाकलत बसले.

बीडला मैदानात गाड्यांची रांग. साहेब तरुण होते. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, नंबर बघितला, खाली वाकून घासून घासून आतला चॅसीचा नंबर ताडला. मग पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवून गाडीकडं बघितलं, पुन्हा ओळीकडं बघितलं. मी मालकांचा शर्ट मागून घट्ट धरला होता. साहेबांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं.

"काका, गाडी पुढं घ्या जरा."

"मी न्हाई," मालक म्हणाले. "ह्या."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, नऊवारीकडं बघितलं. म्हणाले, "घ्या आजी." मी बसले, चावी फिरवली. तीन हिसके. साहेब दचकून एक पाऊल मागं सरले. मग गाडी सरळ गेली, ब्रेकवर नीट थांबली, दिवे लागले, इंडिकेटर दोन्हीकडचे. त्यांनी सही केली अन् कागद देताना म्हणाले, "गाडी पास आहे आजी. हिसके तुमचे आहेत का गाडीचे?"

"माझे," मी म्हटलं.

घरी जायचं होतं, पण आमच्या फाट्याला न वळता मी गाडी केजवरून धारूरच्या रस्त्याला घातली. वाटेत चहाला थांबलो तर बाकावरचं एकही माणूस उठलं नाही, कुणी हात जोडले नाहीत. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! अकरा वर्षं दुसऱ्याच कुणाचा तरी मान मी फुकट घेत होते.

आक्का ओट्यावर बसली होती, गुडघ्यांवर उन्हं घेत. गल्लीत गाडी शिरली तिनं बघितली अन् मान फिरवली. पांढरी नव्हे म्हणजे आपली नव्हे. दारासमोर एक बैलगाडी आडवी होती, म्हणून मला थांबावं लागलं. बैलगाडी सरली, मी गाडी पुन्हा हलवली अन् तीन हिसके बसले.

आक्काची मान गर्रकन वळली.

मी उतरून ओट्याशी गेले. ती गाडीकडं बघत होती, माझ्याकडं नाही. म्हणाली, "रंग बदललास गं. हिसके काहून ठेवलेस?"

"तुला कळायला पायजे ना, कोण आलंय ते."

"कळलं," ती म्हणाली. "तेल आणलंस का?"